क्विक-कनेक्ट जोड आणि कॅम्परचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात ज्यांनी ट्रॅव्हलर किंवा पिकअपवर कॅम्पर बांधून घेतलाय, त्यांच्याशी बोलताना एक विषय हमखास निघतो : पाणी भरायचं कसं? पलंग, गॅस, सोलर यांचं सगळं महिनाभर आधी ठरलेलं असतं. पाण्याच्या पाइपकडे मात्र निघायच्या दिवशी सकाळी लक्ष जातं. खालची उत्तरं आपल्याकडचे नळ, आपल्याकडचं पाणी आणि सियागंजात मिळणारं सामान धरून लिहिली आहेत, कारण परदेशी व्हिडिओंत दाखवलेलं सगळंच इथे जसंच्या तसं बसत नाही.

क्विक-कनेक्ट जोड म्हणजे नेमकं काय?

दोन तुकडे असतात. एक नळावर आट्यांनी बसतो आणि त्याला पुढे एक गुळगुळीत चोच असते. दुसरा पाइपच्या टोकाला कायमचा बसवलेला असतो. चोच आत ढकलली की 'टक्' आवाज येतो आणि जोड लागतो. बाहेरची कॉलर मागे ओढली की सुटतो. चोचीच्या खाचेत एक रबरी ओ-रिंग असते, पाणी अडवायचं काम तिचं. दुसऱ्या तुकड्याच्या आत तीन-चार बारीक नखं असतात, ती चोचीच्या मानेमागे अडकतात आणि जोड धरून ठेवतात. गळती म्हणजे ओ-रिंगचा प्रश्न आणि जोड निसटणं म्हणजे नखांचा प्रश्न, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

ही रचना १९६८ साली जर्मनीतल्या गार्डेना कंपनीने बाजारात आणली. आज बहुतेक प्लास्टिकचे जोड त्याच मापावर बनतात, म्हणून एका कंपनीचा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या तुकड्यात सहसा बसतो. गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरला मागे पाणी घ्यायला जो जोड असतो, तोही बहुधा हाच. घरात एखादा आधीच पडलेला असेल.

साधा पाइप क्लिपने आवळला तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही. महिन्यातून एकदा घरच्याच नळावरून टाकी भरायची असेल तर तोही पुरतो. पण रोज वेगळ्या नळावर, कधी अंधारात, कधी मागे चार माणसं कळशा घेऊन उभी असताना पाणी भरायचं असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा हा जोड केव्हाही बरा.

अर्धा इंची की पाऊण इंची? दरवेळी चुकीचंच सामान घरी येतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडचे नळ, निपल, व्हॉल्व्ह बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आट्यांचे असतात. अर्धा इंची नळाचे आटे बाहेरून मोजले तर जवळपास २१ मिमी भरतात आणि पाऊण इंचीचे साधारण २६.४ मिमी. म्हणजे टेप लावून मोजलं तर अर्धा इंची नळ पाऊण इंचाच्या पुढेच दिसतो. तसं मोजून दुकानात 'पौन इंची' मागितलं की घरी आल्यावर तुकडा नळावर सैल फिरतो. मिलिमीटरचं माप लिहून न्या. त्याहून सोपं म्हणजे नळाचं तोंड उघडून न्या, नाहीतर त्याच आट्यांचं एखादं जुनं निपल खिशात टाका आणि दुकानाच्या काउंटरवरच लावून बघा. दुकानदार एकदा 'अंदर की चूडी चाहिए या बाहर की' असं विचारेल. नळाला बाहेरून आटे असतील तर जोडाला आतले हवेत.

दुसरी अडचण परदेशातून मागवलेल्या सामानाची. अमेरिकन कॅम्परचे इनलेट (पाणी आत घ्यायचं तोंड) आणि पाइप त्यांच्या बागेच्या पाइपच्या आट्यांवर बनलेले असतात. त्याचं बाहेरचं माप साधारण २७ मिमी, आपल्या पाऊण इंचीचं २६.४. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण त्यांच्याकडे एका इंचात साडेअकरा आटे आणि बीएसपीत चौदा. त्यामुळे पहिला एक-दीड फेरा छान फिरतो आणि मग अडतो. अडला की पाना आणायचा नाही, काढून ठेवायचा. जोर लावला तर प्लास्टिकचे आटे कापले जातात आणि पितळेचा तुकडा तिरका बसून कायम गळतो. यावर उपाय एकच : कॅम्परच्या इनलेटवर एकदाच योग्य ॲडॅप्टर बसवून टाका आणि त्यापुढचं सगळं बीएसपीत ठेवा. ॲडॅप्टर मिळत नसेल तर दोन्ही बाजूंचे नमुने देऊन लेथवाल्याकडून पितळेत करून घेता येतो.

आणि टेफ्लॉन टेप. जिथे तळाशी सपाट वायसर बसतो तिथे टेपची गरज नसते, तिथे पाणी वायसर अडवतो. उलट टेप जास्त गुंडाळली की तुकडा पूर्ण आत जात नाही, वायसर दाबला जात नाही आणि मग 'टेप लावूनही गळतंय' अशी तक्रार येते. कायमच्या, निमुळत्या आट्यांच्या जोडाला टेप जरूर लावा.

महेश्वर, ओंकारेश्वरच्या धर्मशाळांत नळाला आटेच नसतात. तिथे काय करायचं?

खरं आहे. जुन्या धर्मशाळांत आणि घाटाजवळच्या नळांना नुसती गुळगुळीत तोटी असते, किंवा पाइप अडकवायला खाचा पाडलेली नोझल. नोझल असेल तर काम सोपं. साधारण फूटभर लवचिक पाइप घ्या. एका टोकाला क्लिप ढिली अडकवून ठेवा, दुसऱ्या टोकाला क्विक-कनेक्टचा तुकडा. नोझलवर पाइप चढवायचा, क्लिप आवळायची, की पुढचं सगळं तुमच्या नेहमीच्या जोडावर. हा फूटभर तुकडा गाडीत असलाच पाहिजे, महागड्या संचापेक्षा तो जास्त वेळा कामी येतो.

गुळगुळीत तोटीसाठी रबरी टोपीचा युनिव्हर्सल ॲडॅप्टर मिळतो, बाहेरून स्क्रूने आवळायचा. कमी दाबाला तो चालतो, जोरदार धारेला निसटतो. म्हणून नळ अर्धाच उघडा आणि जवळ उभे राहा. बेसिनच्या नळाला टोकाशी जाळी असते, ती फिरवून काढली की बहुधा २४ मिमीचे बारीक आटे निघतात. त्याचा वेगळा ॲडॅप्टर येतो.

एक सांगणं आहे. धर्मशाळेचं पाणी सगळ्यांसाठी असतं. व्यवस्थापकाला विचारून, गर्दी नसताना भरा आणि किती लिटर घेणार ते आधीच सांगा. पंचकोशी किंवा अमावस्येच्या गर्दीत तिथे शंभर लिटर भरायला उभं राहू नये.

पितळेचे जोड घ्यावेत की प्लास्टिकचे?

नळाच्या बाजूचा पहिला तुकडा पितळेचा आणि पाइपकडचे तुकडे चांगल्या प्लास्टिकचे, असं माझं मत आहे. नळावरच्या आट्यांवर ताण येतो, पाइपचं वजन लोंबतं, तिथे प्लास्टिक लवकर चिरतं. पाइपच्या टोकाला मात्र जड पितळ लावलं की ते जमिनीवर पडून ठेचतं आणि कॉलर अडकू लागते.

पितळ घेताना एक गोष्ट तपासा. साध्या पितळेत यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून शिसं मिसळलेलं असतं. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या भागांत शिशाची मर्यादा सरासरी ०.२५ टक्के ठेवली आहे. आपल्याकडच्या साध्या बागकामाच्या जोडांवर अशी काही नोंद नसते. म्हणून 'पिण्याच्या पाण्यासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं सामान मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. लहान मुलं असलेल्या घराने तर यात काटकसर करूच नये. जे असेल त्यातून आधी मिनिटभर पाणी वाहू द्या, मग टाकीला लावा. रात्रभर जोडात साचून राहिलेलं पाणी टाकीत जाता कामा नये.

प्लास्टिकचा शत्रू ऊन. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडीच्या बाजूला लावून ठेवलेला जोड काही उन्हाळ्यांत पांढरट पडतो, मग कॉलर ओढताना तुटतो. वापर झाला की काढून आत ठेवा.

सांवेर रोडवर स्टीलचे हवेच्या लाइनचे क्विक कपलर स्वस्तात मिळतात. ते चालतील?

नको. ते कॉम्प्रेसरसाठी असतात. बरेचसे वरून मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचे, आत तेल-ग्रीस लावलेलं आणि पाणी जायची वाट अरुंद. थोड्याच दिवसांत तांबडं पाणी येऊ लागतं.

ऑटो-स्टॉपवाला जोड कुठे लावावा? सगळीकडेच लावला तर?

सगळीकडे लावू नका. ऑटो-स्टॉपच्या आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो. जोड सुटला की तो पाणी बंद करतो, पण जोड लागलेला असतानाही पाण्याच्या वाटेत उभाच असतो. आधीच कमी दाब, त्यात असे दोन-तीन व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरायला दुप्पट वेळ.

एकच लावायचा असेल तर पाइपच्या कॅम्परकडच्या टोकाला लावा. टाकी भरली की तिथून पाइप काढला तरी कपडे भिजत नाहीत. पण मग एक शिस्त पाळावी लागते. नळ चालू ठेवून पाइप तसाच उन्हात पडू द्यायचा नाही. पाइपमध्ये दाब अडकून राहतो, ऊन तापतं तसा पीव्हीसी मऊ पडतो आणि सगळ्यात कमजोर जागी फुगतो. आधी नळ बंद करा, दुसऱ्या टोकाने थोडं पाणी सोडून दाब उतरवा, मग कॉलर ओढा. दाबाखाली असलेला जोड ओढून काढला की ओ-रिंग खाचेतून निसटते आणि गवतात हरवते.

पाणी फारच हळू येतं. टुल्लू पंप लावू का?

आधी मोजून बघा. दहा लिटरची बादली पाइपशिवाय नळाखाली धरून किती वेळात भरते ते पाहा, मग तीच पाइपच्या टोकाला धरून पाहा. दोन्हींत मोठा फरक असेल तर दोष जोडात किंवा पाइपमध्ये आहे. अर्धा इंची पाइपऐवजी पाऊण इंची घेतला, लांबी कमी केली आणि ऑटो-स्टॉप काढला की सुधारणा होते.

फरक नसेल तर नळालाच दाब कमी आहे. गच्चीवरच्या टाकीतून दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय दाब मिळतो. दुमजली घराच्या टाकीखालच्या नळाला तेवढाही मिळत नाही. तिथे घाई करून उपयोग नाही.

नर्मदेच्या लाइनीवर थेट टुल्लू लावणं मात्र करू नका. पंप पाणी खेचतो तेव्हा लाइनीत उलटा दाब तयार होतो आणि जमिनीतल्या फटींतून गटाराचं पाणी आत येऊ शकतं, तुमच्याही घरात आणि शेजाऱ्यांच्याही. शिवाय हे जोड आतून बाहेर येणारा दाब अडवायला बनवलेले आहेत. खेचण्याच्या बाजूला लावले की ओ-रिंगच्या बाजूने हवा शिरते आणि पंप नुसता घरघरतो. पंप लावायचाच असेल तर आधी हौदात किंवा ड्रममध्ये पाणी घ्या आणि तिथून कॅम्परमध्ये चढवा.

काही रिसॉर्टमध्ये उलट फार जोर असतो. त्याने नुकसान होतं का?

होऊ शकतं. प्रेशर पंपावर चालणाऱ्या जागी दाब अचानक चढतो. तुमचा पाइप नुसता टाकीच्या उघड्या तोंडात सोडलेला असेल तर काळजी नाही. पण गाडीला थेट प्रेशर इनलेट असेल, म्हणजे पाणी टाकीत न जाता सरळ नळांना जात असेल, तर नळाजवळ प्रेशर रेग्युलेटर लावा. कॅम्परसाठी ४० ते ५० पीएसआयवर बसवलेले मिळतात. तो नळाच्या बाजूला असावा, गाडीच्या बाजूला नव्हे, नाहीतर मधला सगळा पाइप पूर्ण दाब सोसत राहतो. अशा इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवाच, म्हणजे गाडीतलं पाणी उलटं त्यांच्या लाइनीत जाणार नाही.

जोड गळतोय. नवीन घेऊ का?

बहुतेक वेळा गरज नसते. आधी कुठून गळतंय ते कोरड्या हाताने चाचपून बघा. नळाच्या आट्यांपाशी गळत असेल तर आतला सपाट वायसर कडक झालाय किंवा पडलाय. पाइप जिथे नटमध्ये शिरतो तिथे गळत असेल तर पाइप तिरका कापलाय. धारदार ब्लेडने काटकोनात नवीन काप द्या, पाइप तळापर्यंत ढकला आणि नट आवळा. कडक पाइप असेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा.

जोडाच्या मधून गळत असेल तर ओ-रिंग. ती बदलायला पाच मिनिटं लागतात, पण घाई करू नये. जुनी रिंग काढायला सुई किंवा चाकू वापरू नका, खाचेच्या काठावर ओरखडा पडला की नवीन रिंगही गळते. लाकडी टूथपिकने एका बाजूने उचला आणि सरकवत बाहेर घ्या. मग खाच उजेडात धरून बघा. तळाशी बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर किंवा वाळूचा कण दिसेल, तो ओल्या सुती कापडाने पुसून काढा. नवीन रिंगला फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि पीळ न पडू देता चोचीवरून सरकवत खाचेत बसवा. बोट फिरवून बघा, सगळीकडे सारखी वर आलेली लागली पाहिजे. खोबरेल तेल, व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस यांतलं काही लावायचं नाही. पेट्रोलियमच्या ग्रीसने ईपीडीएम रबर फुगतं आणि पाण्यालाही वास येतो. दुकानात जाताना जुनी रिंग सोबत न्या, जाडी आणि व्यास दोन्ही जुळले पाहिजेत.

आणि गळत काहीच नाही पण जोड मधूनच सुटून उडतो, असं असेल तर नखं झिजली आहेत. तो तुकडा टाकून द्या.

बोरिंगच्या पाण्याने कॉलर घट्ट होते. काय करावं?

माळव्याच्या काळ्या कातळातलं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी जोडात सुकलं की नखांभोवती थर बसतो. कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून जोड अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. पितळेचा तुकडा यात तासन्‌तास ठेवू नये.

पाण्याला प्लास्टिकचा वास येतो, मुलं पीतच नाहीत.

तो बागेचा पाइप असणार. साध्या पीव्हीसी पाइपमध्ये मऊपणासाठी घातलेली द्रव्यं उन्हात तापली की पाण्यात उतरतात. कितीही धुतला तरी तो पिण्याच्या पाण्याला वापरू नका. फूड-ग्रेड लिहिलेला पाइप घ्या, शक्यतो अपारदर्शक. पारदर्शक पाइप स्वच्छ वाटतो खरा, पण उजेड आत गेला की हिरवं शेवाळ धरतं. लांबी लागेल तेवढीच. दहा मीटरचा एक आणि पाच मीटरचा एक असे दोन ठेवले तर गरजेप्रमाणे जोडता येतात.

एकच संच पिण्याच्या पाण्याला आणि शौचालयाची टाकी धुवायला वापरला तर? धुऊन घेतोच की आम्ही.

नाही. या पानावर सांगितलेल्यांपैकी एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

क्विक-कनेक्टची सगळी सोय यात आहे की कुठलंही टोक कुठेही लागतं. धोकाही त्यातच आहे. आट्यांचा पाइप असता तर चुकीच्या जागी लावायला दोन मिनिटं लागली असती आणि तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे 'टक्' झालं की झालं. सकाळी निघायच्या गडबडीत भाचा मदतीला येतो, त्याला कोणता पाइप कशाचा ते माहीत नसतं, आणि काल रात्री कॅसेट (शौचालयाची काढता येणारी टाकी) धुतलेला पाइप आज आजीच्या पिण्याच्या टाकीला लागतो. वरून धुतला तरी नखांच्या मागे आणि कॉलरच्या आतल्या स्प्रिंगपाशी घाण राहते, तिथे बोट पोचत नाही.

रंगीत पट्टी लावणं चांगलं, पण अंधारात रंग दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे जोड मुळातच एकमेकांत बसणार नाहीत असे ठेवा. पिण्याच्या बाजूला नेहमीचा क्विक-कनेक्ट. धुण्याच्या बाजूला साधा आट्यांचा पाइप, किंवा युरोपात वापरतात तसा पंजांचा पितळी गेका जोड. गेकाच्या पंजांमधलं अंतर सगळ्या मापांत ४० मिमीच असतं आणि तो आपल्या जोडात काही केल्या शिरत नाही. दोन्ही संच गाडीच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा, एकाच पिशवीत नको.

पाणी भरताना पाइपचं टोक जमिनीवर ठेवू नका आणि बादलीत किंवा टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. नळाचा दाब गेला की बुडालेल्या टोकातून पाणी उलटं खेचलं जातं.

टाकी आणि पाइप निर्जंतुक कसे करायचे?

हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर निघण्याआधी. सुगंध नसलेलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घ्या. एका लिटर पाण्याला १ मिली, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिली. याने लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. ते पाणी भरायच्या पाइपमधूनच टाकीत जाऊ द्या, म्हणजे पाइप आणि जोडही आतून धुतले जातात. मग आतला प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडा. चार तास ठेवा, सगळं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. थर काढायचं सायट्रिक ॲसिड आणि हे कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. दोन्ही कामांच्या मध्ये भरपूर पाणी जाऊ द्या.

फिल्टर टाकीच्या आधी लावायचा की नंतर?

गाळ अडवणारा पाच मायक्रॉनचा फिल्टर आधी, कार्बनचा नंतर. इंदूरला नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून शुद्ध होऊन येतं आणि त्यात क्लोरीन असतं. मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. प्रवासात दोन-तीन दिवस टाकीतलं पाणी टिकवायचं काम तेच क्लोरीन करतं. कार्बन फिल्टर ते काढून टाकतो. तो टाकीच्या आधी लावला तर टाकीत उघडं, संरक्षण नसलेलं पाणी साचतं. म्हणून कार्बन पिण्याच्या नळापाशी लावा. फिल्टरच्या दोन्ही टोकांना क्विक-कनेक्ट लावले की काडतूस बदलताना सोपं जातं, फक्त बाणाची दिशा बघून लावा. आणि या दोन्ही फिल्टरांनी जंतू मरत नाहीत. पाण्याची शंका असेल तर उकळा.

गाडीच्या आत आरओसारखे ढकलून बसवायचे जोड वापरू का?

जरूर. घरच्या आरओमध्ये पांढऱ्या नळीचे जे जोड असतात, त्याच पद्धतीचे मोठ्या मापाचे मिळतात. नळी काटकोनात कापा, किती आत जायला हवी त्याची पेनने खूण करा आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत ढकला, मग एकदा मागे ओढून बघा. भेरूघाटातले हादरे आणि वळणं सोसायची असतील तर नळीला जागोजागी क्लिपांचा आधार हवा आणि जोडाच्या रिंगला लॉकिंग क्लिप हवी. नाहीतर नळी जोडाला टेकून सतत हलते आणि एक दिवस पलंगाखाली पाणी होतं. पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवून बघा.

हिवाळ्यात स्पितीला जाणार आहोत. वेगळं काही?

इंदुरात पाणी गोठत नाही, म्हणून सवय नसते. पाणी गोठताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं आणि जोडाचं प्लास्टिक फाटतं. रात्री पाइप पूर्ण रिकामा करून आत घ्या. ऑटो-स्टॉपवाला तुकडा काढून झटका, त्याच्या आत चमचाभर पाणी हमखास उरतं.

घरी आल्यावर पाइप ठेवायचा कसा?

पूर्ण उतार देऊन रिकामा करा, सावलीत वाळवा आणि मग दोन्ही टोकं बंद करा. दोन चोचींचा एक जोडतुकडा मिळतो. त्याने पाइपची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली की बंद कडं तयार होतं. उघडी टोकं ठेवली तर मुंग्या जातात, आणि पावसाळ्यात कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. ती माती पुढच्या वेळी थेट टाकीत उतरते.

सोबत जादा काय ठेवावं?

चार सपाट वायसर, चार ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी, टेफ्लॉन टेप, दोन क्लिपा, नळाकडचा एक जादा तुकडा, वर सांगितलेला फूटभर पाइप आणि धारदार ब्लेड. पोह्यांच्या डब्याएवढ्या डब्यात मावतं. डबा पिण्याच्या संचाच्याच कप्प्यात ठेवा.

वापरलेलं पाणी रस्त्याकडेला सोडलं तर चालेल का? साबणाचंच असतं.

चालणार नाही. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान मिळाला, तो सांडपाणी उघड्यावर न सोडता गोळा करून शुद्ध केल्याबद्दल. तेच आपण बाहेरगावी पाळलं पाहिजे. सांडपाण्याच्या टाकीला वेगळा, जाड, आट्यांचा पाइप ठेवा आणि जिथे मुक्काम कराल तिथे शौचालयाची किंवा मोरीची लाइन कुठे आहे ते विचारून त्यातच सोडा. नर्मदेच्या घाटावर तर भांडी धुतलेलं पाणीही सोडू नये. जागा मिळाली नाही तर टाकी भरलेली घेऊन या आणि घरच्या ड्रेनेजमध्ये रिकामी करा.